चावडीच्या भिंतीतली पाटी

(दृश्य: जुनी चावडी. चुन्याच्या थरांत बसवलेली संगमरवरी पाटी.)

मजकूर दोन ओळींचा आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतकी माणसं गेली, त्यांतली इतकी कामी आली. पश्चिम महाराष्ट्रात अशा पाट्या गावोगाव सापडतात. आकडा असतो, नाव एकाचंही नसतं.

कोल्हापूरजवळच्या या गावात एक निवृत्त मास्तर, एक माजी सुभेदार आणि कॉलेजची दोन-तीन पोरं ती नावं शोधतायत.

(दृश्य: लॅपटॉपच्या पडद्यावर यादी.)

सुरुवात सोपी वाटते. महायुद्धांत मेलेल्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी इंटरनेटवर आहे. शिपायाचं नाव, पलटण, मृत्यूची तारीख, आणि नशीब असेल तर बापाचं नाव नि गाव. १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कूत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. १४७ दिवस उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, आणि मग वाळवंटातून तुर्कांच्या कैदेकडे पायपीट. तिकडे मेलेल्या, पण थडगं ठाऊक नसलेल्या ४०,००० हून अधिक जवानांसाठी बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. तिथं साध्या गोऱ्या शिपायाचंही नाव कोरलं, आपल्या शिपायांचा मात्र पलटणवार आकडा. या चावडीवरच्या पाटीची ती थोरली बहीणच. स्मरणात असा दुजाभाव झाला, हे कमिशननं २०२१ च्या अहवालात मान्य केलं.

यादीतली गावं इंग्रजी स्पेलिंगात पार मोडून गेलीत. पेटे, म्हणजे तालुके, संस्थानी काळचे. हातकणंगले शोधायचं तर आळत्यात बघावं लागतं. आणि करवीरात एखादा पांडुरंग पाटील हुडकायचा म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.

(दृश्य: मोडीतलं पान. मास्तरांचं बोट ओळीवरून सरकतंय.)

हे कोतवाल बुक. गाव नमुना १४, जन्म-मृत्यूच्या नोंदी. परमुलखात मेलेला माणूस गावच्या मृत्यूंत सहसा नसतोच, आणि १९१८ ची पानं तर इन्फ्लुएंझानं भरलेली. म्हणून मंडळी मागं गेली, जन्माच्या नोंदींत. तिथंही पोराचं नाव बऱ्याचदा नाही. बापाचं नाव, जात, तारीख आणि पुढं 'मुलगा' एवढंच. मग वारसनोंदी बघायच्या, मग घरोघर विचारायचं. कुणबी नोंदींमुळं मोडी वाचणाऱ्यांना हल्ली भाव आलाय, त्यामुळं मास्तरांना सवड काढणंही सोपं नाही.

मंडळींचा नियम एकच: दोन कागद जुळल्याशिवाय नाव घ्यायचं नाही.

यावरून वाद होतात. "मग आमचं आज्जं काय जत्रंला गेल्तं व्हय?" असं एका म्हातारीनं सुभेदारांना तोंडावर विचारलं. त्यांच्याकडं उत्तर नव्हतं. तरी नियम बरोबर आहे. गावात दगडावर नाव चढायचं म्हटलं की भावकी जागी होते, आणि एकदा कोरलेलं नाव कोण पुसणार?

(दृश्य: तळहातावर ब्राँझचं पदक.)

काही माणसं तर लढणाऱ्यांच्या हिशेबातच धरली नव्हती. खेचरं हाकणारे, पखालवाले, स्वयंपाकी, हमाल. शिपायाला युद्धाचं पदक चांदीचं मिळालं, यांतल्या बऱ्याच जणांना तेच ब्राँझचं. महारांसाठी १११ वी पलटण १९१७ मध्ये उभी केली आणि लढाई संपल्यावर मोडली. पाटीवरच्या आकड्यात महारवाड्यातली माणसं धरलीत का, हे पोरांनी पहिल्याच बैठकीत विचारलं होतं. मला तो सगळ्यात कामाचा प्रश्न वाटला.

हे पदक देव्हाऱ्यामागं एका डब्यात होतं. सराफाच्या लेखी त्याची किंमत नाही, म्हणून टिकलं असावं. बारीक कडेवर अक्षरं ठोकलेली आहेत: नंबर, नाव, तुकडी. इथं एक कागद कमी लागला.

जुनी पाटी तशीच राहणार आहे. नावांचा फलक शेजारी लागेल, आणि खाली जागा मोकळी सोडायची असं ठरलंय.

तुमच्या घरी असं पदक असेल तर चिंच लावून घासू नका, कडेवरची अक्षरं झिजतात. तिरप्या उजेडात धरा, गोल फिरवत कडेचे फोटो काढा. नंबर नीट आला पाहिजे.