आधी थंड, मग गरम

मराठीत भाजणे आणि पोळणे असे दोन शब्द आहेत, आणि आजच्या विषयात तो भेद फार मोलाचा आहे. ज्वाळेने, निखाऱ्याने भाजते. कढत पाण्याने, दुधाने, आमटीने पोळते. मुलांच्या जळिताची गोष्ट निघाली की आपल्याला दिवाळीचे फटाके आठवतात. पण अगदी लहान मुलांच्या बहुतेक जखमा पोळण्याच्या असतात, आणि त्या होतात स्वयंपाकघरात व न्हाणीघरात, तेही मोठी माणसे जवळपास असताना.

सकाळची घाईची वेळ डोळ्यांसमोर आणा. गीझरचे किंवा बंबातले कढत पाणी बादलीत काढून ठेवलेले आहे आणि आई टॉवेल आणायला वळली आहे. नुकतेच चालू लागलेले मूल बादलीच्या काठाला धरून उभे राहते व आत डोकावते. त्याचे डोके अंगाच्या मानाने मोठे आणि जड, त्यामुळे तोल पुढे जातो. ६० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी प्रौढ माणसाची कातडी सुमारे ५ सेकंदांत खोलवर पोळवते. मुलाच्या पातळ कातडीला तेवढाही वेळ लागत नाही. आपल्याकडे गरम पाणी काढून मग त्यात विसण घालतात. हा क्रम उलटा करा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बादलीत आधी थंड पाणी, त्यावर गरम, आणि कोपर बुडवून पाहिल्याखेरीज मूल बादलीजवळ आणायचे नाही.

स्वयंपाकघरात पातेल्याची दांडी ओट्याच्या आतल्या बाजूला वळवावी, आणि मांडीवर मूल असताना चहाचा कप हाती घेऊ नये. सर्दी झालेल्या मुलाला उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफ देणे तर थांबवलेच पाहिजे, कारण त्याने सर्दी लवकर बरी होते याला भक्कम पुरावा नाही आणि पातेले कलंडले तर छाती, पोट, मांड्या एकदम पोळतात.

एवढे करूनही पोळलेच, तर पहिले औषध नळाचे पाणी. भिजलेले कपडे, लंगोट, वाळे, मनगट्या लगेच काढा, मात्र कातडीला चिकटलेले काही ओढू नका. मग जखमेवर २० मिनिटे थंड वाहते पाणी सोडा आणि बाकीचे अंग पांघरुणात ऊबदार ठेवा. मूल रडत असताना ही २० मिनिटे फार लांब वाटतात, तरी ती पुरी करा. उशीर झाला असेल, तरी पहिल्या ३ तासांत याचा उपयोग होतो. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यांतले काहीही लावू नका. ते पुसून काढल्याशिवाय डॉक्टरांना जखमेची खोली दिसत नाही, आणि पुसताना मुलाचे हाल होतात.

बोटांसकट मुलाचा स्वतःचा तळवा म्हणजे त्याच्या अंगाचा सुमारे १ टक्का भाग. असे १० तळवे पोळले असतील, तर शिरेतून सलाइन देण्याची गरज पडते. चेहरा, हात, जननेंद्रिये किंवा सांधा पोळला असेल, तर जखम लहान दिसली तरी रुग्णालय गाठावे. सांध्यावरचा व्रण मुलाबरोबर वाढत नाही, तो आखडतो. म्हणून जखम भरल्यावरही मूल वाढत असेपर्यंत दाखवत राहावे. बोट वाकू लागल्याचे लवकर कळले, तर आधारपट्टी आणि रोजचा व्यायाम यांनी पुष्कळ सुधारणा होते.