पिल्लू उचलण्याआधी तासभर

श्रोतेहो, नमस्कार.

एप्रिल-मे महिन्यांत बेळगाव-खानापूर भागात वळीव येतो तो वारा घेऊनच. दुसऱ्या दिवशी परड्यात, आंब्याखाली किंवा जास्वंदीच्या बुडाशी एखादं पिल्लू चिवचिवत बसलेलं सापडतं. पोरं ते ओंजळीत घेऊन आत येतात, घरात दुधाची वाटी निघते. माया खरी, पण पक्ष्यांना दूध पचत नाही. चोचीत पाणीही ओतू नका. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं, त्यामुळे ओतलेलं पाणी फुप्फुसात उतरतं.

आधी पिसं बघा. अंगभर पिसं, आखूड शेपूट आणि टुणटुण उड्या असतील तर ते पिल्लू पडलेलं नाही, घरट्यातून निघालेलं आहे. बुलबुलाची पिल्लं साधारण १२-१३ दिवसांची झाली की नीट उडता येण्याआधीच बाहेर पडतात. आईबाप त्यांना झुडपात भरवत राहतात, पण माणूस जवळ उभा असेल तर येत नाहीत आणि आपल्याला पिल्लू पोरकं वाटतं. मांजर-कुत्रं आत बांधा, पिल्लू जवळच्या दाट झुडपात ठेवा आणि खिडकीआडून तासभर बघा.

उघडं, पिसं न फुटलेलं पिल्लू मात्र घरट्यात परत ठेवायलाच हवं. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, ही समजूत चुकीची आहे. पिल्लू गार पडलं असेल तर आधी ऊब द्या. बाटलीत सोसवेल इतकं गरम पाणी भरा, ती फडक्यात गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे उष्णता जास्त झाली तर पिल्लाला सरकता येईल. गारठलेलं पिल्लू चोच उघडत नाही, मग आईसुद्धा त्याला भरवू शकत नाही. बुलबुलाचं घरटंच मोडलं असेल तर नारळाच्या करवंटीला तळाशी चार भोकं पाडा, आत वाळलेलं गवत घाला आणि त्याच झाडावर, जुन्या जागेजवळ, सावलीत बांधा. भोकं विसरू नका, नाहीतर पुढच्या सरीत करवंटी भरून पिल्लं बुडतात. घरी वाढवण्याचा विचार शक्यतो टाळा. एवढ्याशा पिल्लाला उजाडल्यापासून मावळेपर्यंत दर अर्ध्या तासाला किडे भरवावे लागतात.

काचेवर आपटलेल्या पक्ष्याला बुटाच्या खोक्यात ठेवा. झाकणाला पेन्सिलीएवढी आठ-दहा भोकं पाडा, खाली साधं सुती फडकं अंथरा. टॉवेल नको, त्याच्या दोऱ्यांत नखं अडकतात. एक-दोन तास अंधार आणि शांतता पुरते. सारखं झाकण उघडून बघू नका, भीतीनंच पक्षी दगावतो. मांजरानं धरलेला पक्षी वरून धडधाकट दिसला तरी त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. मांजराच्या दातांतले जंतू रक्तात पसरले की एक-दोन दिवसांत पक्षी जातो. मांजा गुंतला असेल तर ओढू नका, दोन्ही बाजूंनी कात्रीनं कापा.

पाकोळीचं थोडं वेगळं आहे. तिचे पाय भिंतीला लटकण्यापुरते, त्यामुळे सपाट जमिनीवरून तिला झेप घेणं जड जातं. जखम नसेल तर मोकळ्या जागी तळहातावर घेऊन हात उंच धरा. तिला फेकू नका, ती आपणहून सुटते.

हे सगळं ओळखायला परड्यातलं रोजचं येणंजाणं माहीत हवं. शिपाई बुलबुल कुठल्या झुडपात शिरतो, शिंपी पक्ष्यानं घरट्यासाठी कुठली पानं शिवली, शिंजिराचं थैलीसारखं घरटं कुठल्या वेलीला लोंबतं, हे तारखेसह वहीत लिहा. मग सापडलेलं पिल्लू कोणाचं आणि किती दिवसांचं, याचा अंदाज बांधता येतो. घरट्याजवळ रोज जाऊ नका, आपल्या वावरामुळे कावळ्याचं लक्ष तिकडे जातं. भारद्वाज बुलबुलाची पिल्लं खातो, पण त्याचीही पिल्लं आहेत, त्याला हाकलू नका.

पाण्यासाठी मातीचा पसरट परळ घ्या. खोली दोन इंचांपेक्षा जास्त नको, मध्ये एक खडबडीत दगड ठेवा. मांजराला दबा धरता येईल अशा झुडपापासून परळ पाच-सहा फूट लांब असावा. पाणी रोज बदला आणि परळ घासा, नाहीतर डेंग्यूचे डास त्यातच वाढतील.

बरा झालेला पक्षी पिंजऱ्यात ठेवू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडचे रानपोपट पाळायलाही बंदी आहे. जिथे सापडला तिथेच, पाऊस नसलेल्या सकाळी त्याला सोडा, म्हणजे अंधार पडायच्या आत त्याला खायला आणि आसरा शोधायला अख्खा दिवस मिळतो.