सहा महिने गोळ्या कशाला? टीबीच्या जंतूची गोष्ट

नमस्कार मंडळी. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या की महिना-दोन महिन्यांत ताप जातो, भूक लागते, वजन वाढतं, आणि मग घरात विषय निघतोच, आता बरं वाटतंय ना, मग सहा महिने कशाला? याचं कारण जंतूत आहे.

श्वासातून तो फुफ्फुसात गेला की मॅक्रोफेज नावाची आपली पेशी त्याला गिळते. एरवी गिळलेला जंतू एका पिशवीत पडतो, तिला ॲसिड आणि पाचकरसाची दुसरी पिशवी येऊन मिळते, खेळ खल्लास. हा पठ्ठ्या त्या दोन पिशव्या एकत्रच येऊ देत नाही, म्हणजे ज्या चौकीत डांबला तिथंच बिऱ्हाड थाटलं म्हणा ना!

मग शरीर भोवती पेशींचा गराडा घालून गाठ करतं. आत ऑक्सिजन कमी, खायचे वांधे, तर हा चरबीवर भागवतो, आपलंच कोलेस्टेरॉल खातो (हो, तेच, ज्याच्या धाकाने आपण तूप सोडतो) आणि वाढ जवळपास थांबवून पडून राहतो. किती वर्षं? डेन्मार्कमध्ये एकाला 1990 च्या दशकात टीबी झाला, जंतूचा डीएनए त्याच्या वडिलांना 1960 च्या दशकात झालेल्या टीबीशी जुळला, मध्ये 33 वर्षं!

आता गोळ्या. आयसोनियाझिड भराभर वाढणारे जंतू पहिल्या काही दिवसांतच मारतं, पण सुस्त पडलेल्यांवर त्याचा फारसा जोर चालत नाही. त्यांच्यातले अधूनमधून जागे होतात त्यांना रिफाम्पिसिन गाठतं, तेच हो, ज्याने लघवी केशरी होते आणि पेशंट घाबरून दवाखाना गाठतात, घाबरू नका, ते औषधच आहे. ॲसिडिक जागी दडलेल्यांना पायराझिनामाइड. म्हणून आधी दोन महिने ही तीन आणि इथॅम्बुटॉल अशी चार औषधं, पुढे चार महिने तीन. मध्येच सोडलं की उरलेले सुस्त जंतू परत वाढतात, आणि औषधाला न जुमानणारे त्यात निघाले तर एमडीआर, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी, आणि मग आणखी जड औषधं.

डायबेटिस, एचआयव्ही, कुपोषण, तंबाखू, यातलं काही असलं की पडून राहिलेला जंतू उठायची शक्यता वाढते. घरात पेशंट असेल तर बाकीच्यांनीही सरकारी दवाखान्यात तपासून घ्या, आणि टीबीच्या पेशंटला नीट खायला मिळावं म्हणून असलेल्या सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला 1000 रुपये थेट खात्यात येतात, तेव्हा जाताना पेशंटचं पासबुक न्यायला विसरू नका.