ओपीडीच्या रांगेत सोबत लागते

आत्ता ओळख करून देताना मला 'समुपदेशक' म्हटलं, तर ते आधी क्लिअर करतो, मी समुपदेशक नाही आणि डॉक्टर तर नाहीच नाही. मी पीअर सपोर्टर. म्हणजे डिप्रेशन स्वतः काढलंय, गोळ्या खाल्ल्यात, आणि आता तेच भोगणाऱ्या माणसाशेजारी जाऊन बसतो. निदान करत नाही, कुणाला गोळी बंद कर म्हणत नाही.

मी ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्मल्यावर मुलगी म्हणून नोंदलेला पण पुरुष. सोलापूरच्या पूर्वभागातला. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आई विड्या वळायची आणि पोरीची जात म्हणून मलापण पानं कापायला बसवलेलं. आता हिजडा समाजात गुरू-चेला असतं, त्यात जाच नसतो असं मी म्हणणार नाही, पण डोक्यावर कुणीतरी असतं. यल्लम्माचे जोगते तर आपल्याकडं सगळ्यांनी बघितलेत. आमच्यासारख्यांना असं घराणंच नाही, घरात कोंडलेलं, मोबाईल काढून घेतलेला, वरून स्थळं बघणं चालू. एकमेकांना सापडणार कसं?

लोक म्हणतात ट्रान्स असणं हाच तर आजार आहे. नाही ओ. डब्ल्यूएचओच्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे आजारांच्या जागतिक यादीत, हे मानसिक आजारांमधून काढलंय, ही यादी २०२२ पासून लागू आहे, आणि त्याच वर्षी डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशननं कन्व्हर्जन थेरपी, म्हणजे 'नीट करून देतो' म्हणत चालणारे प्रकार, डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवले. तरी पोराला आधी अंगारेधुपारे आणि मग दवाखाना. डिप्रेशन येतं ते टोमण्यांनी, मारानं, रोज लपून जगल्यानं.

माझं निम्मं काम रांगेतच होतं. केसपेपरवर जुनं नाव असतं, ते मोठ्यानं पुकारलं की अख्खी ओपीडी दाढीवाल्या माणसाकडं वळून बघते, तो तिथनंच माघारी जातो आणि त्या महिन्याची गोळी बुडते. म्हणून मी आधी खिडकीवर जाऊन सांगतो, ताई, नुसत्या आडनावानं हाक मारा. बहुतेक वेळा ऐकतात, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिंगावरून भेदभाव न होता उपचार मिळणं हा हक्क आहे, पण खिडकीवर कायद्यापेक्षा 'ताई' लवकर चालतं. साहेबांच्या केबिनमध्ये मात्र कायदाच काढावा लागतो.

अजून एक, जीव द्यावासा वाटतो का हे सरळ विचारायचं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट समोरचा मोकळा होतो. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही, डॉक्टरपर्यंत स्वतः न्यायचं, आणि रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. आमच्या भागातली पोरं खरं सांगायला लागली की तेलुगूवर येतात, तिथं मी उपयोगी पडतो.

चला, प्रश्न घेऊ. 'ऑपरेशन झालंय का' हा सोडून काहीपण विचारा.