दहा सेंटचा अंक आणि त्याचा संपादक

नमस्कार मंडळी.

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम मी गेली काही वर्षं पाहतो आहे. दरवर्षी विनोदी मजकूर गोळा करताना एकच वाक्य ऐकू येतं, "काहीतरी हलकंफुलकं देतो, शेवटी जागा उरली तर टाका." त्या वाक्याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून आज मी एका माणसाबद्दल बोलणार आहे. आपण बसलोय त्या न्यू जर्सीपासून त्याचं गाव गाडीनं तासा-दीड तासावर आहे. विनोदाच्या एकेका चौकटीसाठी त्यानं जितके कष्ट उपसले, तितके कष्ट गंभीर लेखनासाठीही फार थोडे लोक उपसतात.

त्याचं नाव हार्वी कर्ट्झमन, 'मॅड' या अमेरिकन विनोदी अंकाचा पहिला संपादक. जन्म ब्रुकलिनचा, ३ ऑक्टोबर १९२४. आईवडील ओडेसाहून आलेले ज्यू. हार्वी चार वर्षांचा असताना वडील गेले, आणि आईला काही काळ मुलांना अनाथाश्रमात ठेवावं लागलं. पुढे आईनं दुसरं लग्न केलं. सावत्र वडील छपाईच्या धंद्यातले होते. कुटुंब ब्राँक्समध्ये राहायला गेलं आणि हा पोरगा तिथल्या रस्त्यावर खडूनं चित्रकथा काढू लागला. न्यूयॉर्कच्या संगीत आणि कला शिकवणाऱ्या सरकारी हायस्कुलात त्याला प्रवेश मिळाला. विल एल्डर, अल जॅफी, अल फेल्डस्टीन, जॉन सेव्हरिन ही मुलंही त्याच शाळेतली. ही नावं लक्षात ठेवा, पुढे परत येतील.

महायुद्धानंतर त्यानं एल्डर आणि आणखी एका मित्राबरोबर छोटा स्टुडिओ काढला. तिथे एक फ्रेंच तरुण काम शोधत येऊन बसायचा. त्याचं नाव रेने गोसिनी. मायदेशी परतल्यावर अ‍ॅस्टेरिक्सच्या चित्रकथा लिहिणारा आणि 'पिलोत' साप्ताहिकाचा संपादक झालेला तो हाच. पुढे विनोदाची दोन मोठी दालनं उभी करणारी ही दोन माणसं, आणि तेव्हा दोघंही भाड्याच्या पैशांची जुळवाजुळव करत होती.

कर्ट्झमनला खरी जागा मिळाली ती बिल गेन्स यांच्या ई.सी. कॉमिक्समध्ये. १९५०मध्ये कोरियाचं युद्ध सुरू झालं आणि त्याच्याकडे युद्धकथांची दोन कॉमिक्स आली, 'टू-फिस्टेड टेल्स' आणि 'फ्रंटलाइन कॉम्बॅट'. बाजारातल्या बाकीच्या युद्धकथांमध्ये आपला शिपाई शंभर शत्रू लोळवून हसतमुखानं परत यायचा. हे लहान मुलांना सांगितलेलं खोटं आहे, असं कर्ट्झमनला वाटे. तो ग्रंथालयात बसून बंदुकांपासून गणवेशापर्यंत सगळं तपासायचा. पाणबुडीची गोष्ट करायची तर सहाय्यकाला पाणबुडीतून फेरी मारायला पाठवायचा.

कोरियातल्या इमजिन नदीवरची त्याची एक कथा आहे. काठावर एक अमेरिकन शिपाई नदीतून वाहत चाललेलं प्रेत पाहतोय. आता लांबून मारणारी शस्त्रं आली, हातघाईचे दिवस गेले, असा विचार त्याच्या मनात चाललेला असतानाच एक शत्रू सैनिक त्याच्यावर झेपावतो. झटापट होते आणि हा त्याचं डोकं पाण्याखाली धरून ठेवतो. चौकटीमागून चौकट तेच, वर, खाली, वर, खाली. शेवटी नदीत आणखी एक प्रेत वाहू लागतं. त्यात विजय नाही आणि बिगुलही नाही. मी ती कथा पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो होतो.

अडचण पैशांची होती. फेल्डस्टीन त्याच कंपनीत झपाट्यानं अनेक कॉमिक्स लिहून काढायचा. कर्ट्झमन संशोधनात रुतलेला, त्यामुळे त्याची कमाई कमी. गेन्सनी सुचवलं की संशोधन लागणार नाही असं एखादं विनोदी कॉमिक जोडीला काढ. त्यातून १९५२मध्ये 'मॅड' निघालं. किंमत १० सेंट.

पण हा माणूस विनोदालाही युद्धकथेसारखाच भिडला. मॅडच्या चौथ्या अंकातलं सुपरमॅनचं विडंबन घ्या. वॉली वुडनं चित्रं काढलेली. यातला नायक वर्तमानपत्राच्या कचेरीतला सर्वांत खालचा पोऱ्या. अंगात अचाट शक्ती आहे, पण नायिका त्याला ढुंकून विचारत नाही. तो लढतो ते दुसऱ्या कॉमिकमधल्या महानायकाशी, कारण त्या दोघांच्या प्रकाशकांत त्या काळी खरोखरच कोर्टकचेरी चालली होती. म्हणजे हसता हसता वाचकाला धंद्याची आतली बाजूही दिसते. इमजिनच्या काठचा प्रश्नच इथे दुसऱ्या कपड्यांत आला आहे: हे आम्हाला जे सांगतायत, ते खरं आहे का?

प्रत्येक चौकटीचा कच्चा आराखडा कर्ट्झमन स्वतः काढून देई आणि चित्रकारानं तो काटेकोर पाळावा असा आग्रह धरी. काहींना ते जाचे. एल्डर मात्र त्यात राहूनही मागच्या भिंतीवर, पाट्यांवर, खिडक्यांत पन्नास बारीक गमती भरायचा. त्याला तो 'कोंबडीची चरबी' म्हणे. ज्यू स्वयंपाकघरातल्या रश्शाला चव येते ती तिच्यानं. आपण तुपाची धार म्हटलं असतं.

भाषेचंही तसंच. यिडिश, म्हणजे ज्यू घरांत बोलल्या जाणाऱ्या भाषेतले शब्द कर्ट्झमननं बेधडक अंकात घातले. अ‍ॅस्पिरिनबरोबरच्या अनेक भाषांतल्या माहितीपत्रकावरून एक पोलिश शब्द उचलला, 'पोत्शेबिए', आणि तो अर्थ न सांगता वाटेल तिथे चिकटवला. अमेरिकाभरची मुलं तो बोलू लागली. परदेशात मुलं वाढवणाऱ्या आपल्यासारख्यांना यातलं मोल वेगळं सांगायला नको. घरातली भाषा लपवून ठेवायची नसते, हे त्यानं छापून दाखवलं.

१९५४मध्ये कॉमिक्सविरुद्ध सिनेटची सुनावणी झाली, गेन्सनी साक्ष दिली, आणि त्यानंतर आलेल्या कॉमिक्सच्या आचारसंहितेनं ई.सी.ची बहुतेक कॉमिक्स बंद पडली. संहिता टाळण्यासाठी मॅडचं मासिक केलं, असं नेहमी सांगतात. ते तसं नाही. कर्ट्झमनला दुसऱ्या मासिकाकडून बोलावणं आलं होतं. तो जाऊ नये म्हणून गेन्सनी १९५५मध्ये २४व्या अंकापासून मॅडला २५ सेंटच्या मासिकाचं रूप दिलं. संहिता मासिकांना लागू नव्हती, तिच्यापासून सुटका झाली ती ओघानं.

वर्षभरात दोघांचं फाटलं. कर्ट्झमननं ५१ टक्के मालकी मागितली. गेन्सनी नकार दिला. २८ अंक काढून तो बाहेर पडला आणि त्याच्या जागी फेल्डस्टीन आला. पुष्कळ वर्षं मी मनातून कर्ट्झमनच्या बाजूनं होतो. आज स्वतः अंक काढताना वाटतं की फेल्डस्टीनचं श्रेय आपण फार कमी मोजतो. त्यानं अंक वेळेवर काढले, माणसं टिकवली, आणि सत्तरच्या दशकात खप वीस लाखांवर नेला. कर्ट्झमनला वेळ पाळणं कधीच जमलं नाही. पण पाया त्याचाच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पुढचं थोडक्यात. 'प्लेबॉय'वाल्या ह्यू हेफनरच्या पैशांवर काढलेलं 'ट्रम्प' नावाचं मासिक दोन अंकांत बंद. चित्रकारांनी स्वतःच्या खिशातून काढलेलं 'हंबग' अकरा अंकांत. १९६०चं 'हेल्प!' पाच वर्षं चाललं, आणि त्यात त्याची पारख दिसते. पुढे स्त्रीवादी नेत्या म्हणून गाजलेली ग्लोरिया स्टाइनम तिथे त्याची सहाय्यक होती. व्यंगचित्रकार रॉबर्ट क्रम्बला त्यानं छापलं. पुढे चित्रपट दिग्दर्शक झालेला टेरी गिलियम त्याच्या हाताखाली होता, आणि एका फोटोकथेसाठी जॉन क्लीझ नावाचा इंग्रज नट आला तेव्हा त्या दोघांची ओळख झाली. माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी चमूचा एक धागा तिथून निघतो. 'प्लेबॉय'मधली चित्रमालिका त्यानं एल्डरबरोबर १९६२पासून सव्वीस वर्षं केली. घर चाललं, पण ते काम त्याच्या तोलाचं होतं असं मला वाटत नाही. १९७३पासून तो न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये शिकवू लागला. २१ फेब्रुवारी १९९३ला तो गेला.

अल जॅफीबद्दल सांगायचं राहिलं. १९६४मध्ये त्यानं मॅडसाठी घडी घालायचं पान काढलं. पान दुमडलं की चित्र बदलतं. ते पाहिलं की मला लगेच मधुकर पाटकरांच्या 'आवाज'मधली खिडकी आठवते. दोघांनी एकमेकांचं पाहिलं होतं असं मी म्हणत नाही, पण कागदालाच विनोद करायला लावण्याची ओढ तीच.

मागच्या टेबलावर मी माझ्याकडची पुनर्मुद्रणं मांडली आहेत. युद्धकथांचं पुस्तक जरा मोठ्या मुलांसाठी, बाकी सगळं सगळ्यांसाठी. शेजारी 'आवाज'चा एक जुना अंकही आहे. मुलांना खिडकी उघडू द्या, फक्त कागद जुना झालाय, तेव्हा पान खालून हात देऊन धरा.