बिऱ्हाड टेकायला जागा

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या घरात पुठ्ठ्याचा एक खोका आहे. त्याच्यावर आधी 'भांडी' लिहिलं होतं. ते खोडून 'पुस्तकं' झालं, मग तेही खोडून 'थंडीचे कपडे'. चिकटपट्टी इतक्या वेळा ओढून काढली की वरचा कागद सोलून निघालाय. चार वर्षांत तीन घरं बदलली आम्ही. तिसऱ्या घरात सामान लावत होते, तेव्हा धाकटीनं विचारलं, "आई, हा खोका उघडायचा की पुढच्या घरी उघडायचा?" सात वर्षांची होती ती. मी हातातलं काम टाकून तिथेच खाली बसले.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ते खरंच आहे. पण अंथरूणच दर वर्षी गुंडाळावं लागत असेल, तर पाय पसरायचे कुठे? काटकसर म्हटली की वाणसामान, वीज, कपडे एवढंच डोळ्यांपुढे येतं. मीही तिथेच ओढाताण करत होते. वर्षभर पै-पै बाजूला टाकायची आणि घर बदललं की ती चार दिवसांत संपायची.

एका रात्री वही घेऊन बसले, तेव्हा हे लक्षात आलं. तुम्हीही करून बघा हा हिशेब. सामान हलवण्याचा खर्च, नव्या जागेतली किरकोळ दुरुस्ती, बुडालेले कामाचे दिवस, जुन्या अनामत रकमेतून कापले गेलेले पैसे, हे सगळं मिळून समजा एका महिन्याच्या भाड्याइतकं झालं. दर वर्षी घर बदललं तर १२ महिने राहण्यासाठी आपण १३ महिन्यांचं भाडं मोजतो. म्हणजे भाडं ८ टक्क्यांहून जास्त महाग पडलं. हाच खर्च दोन महिन्यांच्या भाड्याइतका झाला, तर जवळजवळ १७ टक्के. म्हणून थोडं जास्त भाडं असलेलं, पण तीन वर्षं उठवणार नाही असं लेखी देणारं घर शेवटी स्वस्त पडू शकतं. महिन्याचं भाडं विचारतो तेव्हाच, किती दिवस राहू देणार, हेही विचारायला हवं.

१९९१ साली संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या समितीनं पुरेसं घर कशाला म्हणायचं, याच्या सात कसोट्या सांगितल्या. त्यात पाणी-शौचालयासारख्या सोयी आहेत, परवडणं आहे. पण यादीत पहिली आहे ती राहण्याच्या हक्काची कायदेशीर शाश्वती. उद्या कुणी मनात आलं म्हणून घराबाहेर काढणार नाही, एवढा भरवसा. आणि तो फक्त मालकीच्या घरापुरता नाही, भाडेकरूलाही तो हवा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. मी मागत होते ते जास्तीचं काही नव्हतं.

आता घर बघायला गेले की मी भिड ठेवत नाही. घर विकायचा विचार आहे का? भाडं कधी आणि किती वाढणार? सोडायला सांगायचं झालं तर किती दिवस आधी सांगणार? उत्तरं करारात लिहून घेते. कपाटामागच्या भिंतीला हात लावून बघते, कारण ओल तिथेच लपते आणि लेकरांच्या छातीत जाऊन बसते. आणि राहायला गेल्याच दिवशी प्रत्येक भिंतीचा, नळाचा, फरशीचा तारखेसकट फोटो काढते. दुसऱ्या घरात हे केलं नव्हतं. आधीपासूनच्या भेगांचे पैसे आमच्या अनामत रकमेतून कापले गेले आणि आमच्या हातात पुरावा नव्हता. ते पैसे मोठ्याच्या शाळेच्या फीसाठी धरलेले होते.

भाडं थकणार असं दिसलं, तर तारीख उलटायच्या आधी सांगा, तेही लिहून. मी लाजेनं दोनदा गप्प बसले आणि दोन्ही वेळा ते महागात पडलं.

लाजेवरून आठवलं. पैशाच्या चिंतेत आपण साध्या चुका करतो, कागद हरवतो, मुलांवर खेकसतो आणि मग स्वतःलाच बोल लावतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांना सुगीच्या आधी आणि नंतर त्याच प्रकारची कोडी दिली होती. हात तंग असताना त्याच माणसांना ती जास्त अवघड गेली. अक्कल तीच होती, डोकं चिंतेनं व्यापलेलं होतं. म्हणून महत्त्वाचे निर्णय मी महिनाअखेरीला घेत नाही. पगार झाल्यावर, मुलं झोपल्यावर, वही उघडून घेते.

मुलांपासून किती लपवायचं, हा प्रश्न राहतोच. भाड्याच्या घरांच्या भिंती पातळ असतात. मोठ्या मुलानं आमचं सगळं बोलणं ऐकलं होतं, आणि सहलीची चिठ्ठी मला न दाखवताच फाडून टाकली होती. ती दप्तराच्या तळाशी तुकड्यांत सापडली. तेव्हापासून आम्ही त्याला खरं सांगतो: या महिन्यात इतकं आहे, यातलं इतकं घराचं, आणि सहल जमणार की नाही हे आम्ही ठरवू, तू नाही.

गेल्या वर्षी तीन वर्षांचा करार मिळाला. त्यात एक ओळ मी मुद्दाम लिहून घेतली: भिंतीला खिळे मारायला हरकत नाही. पहिला खिळा धाकटीनं मारला, दप्तर अडकवायला. जरा वाकडा बसलाय, पण पक्का आहे.

नमस्कार.