कालव्याचं अस्तर आणि रक्तवाहिनीचं

श्रोतेहो, नमस्कार.

टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी सुटलं, तरी अस्तराला भेगा असल्या की ते वाटेतच पाझरतं. कालव्याकडेची वावरं चिबडतात आणि टेल कोरडा राहतो.

आपल्या रक्तवाहिन्यांनाही आतून अस्तर असतं, पेशींच्या एकाच थराचं. गांधीलमाशी डसली, पेनिसिलिन सोसलं नाही, कुणाला शेंगदाणाही चालला नाही आणि ॲनाफायलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी झाली, की शरीरातल्या मास्ट नावाच्या पेशी हिस्टामिन हे रसायन सोडतात. अस्तराचे सांधे सैल होतात. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. दहा मिनिटांत रक्तवाहिन्यांतला 35 टक्क्यांपर्यंत द्रव बाहेर झिरपू शकतो, आणि वर तर रक्ताचा थेंबही सांडलेला दिसत नाही!

यात हिस्टामिन एकटं नाही. पेशी स्वतःच्या पटलाच्या अतिसूक्ष्म पिशव्या रक्तात सोडत असतात. त्यांना एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल म्हणतात. 1967 मध्ये पीटर वुल्फ यांना प्लेटलेटपासून सुटलेले असे कण दिसले, तेव्हा त्यांनी त्याला चक्क धूळ म्हटलं होतं. आज कळतं, की या पिशव्यांतून प्रथिनं आणि आरएनए एका पेशीकडून दुसरीकडे जातात. ॲनाफायलॅक्सिसच्या भरात घेतलेल्या रक्तातल्या पिशव्या प्रयोगशाळेत अस्तराच्या पेशींवर सोडल्या, तर तो थर जास्त पाझरू लागतो. मला हे फार मोलाचं वाटतं. यावरचं औषध अजून हाती नाही, पण गळतीच्या मुळाशी जायची एक वाट दिसली.

तोवर हाताशी आहे ते ॲड्रेनालिनचं इंजेक्शन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. ते रक्तवाहिन्या आवळतं, गळती कमी करतं. ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसू नका. तिनं रक्तदाब सावरत नाही.

मागच्या वेचणीत एका मावशीला कपाशीत गांधीलमाशी डसली. टेम्पोत दोघांच्या मधे ताठ बसवून तिला माझ्याकडे आणलं, ओटीत कापूस तसाच. नाडी लागत नव्हती. आणणाऱ्यांनी जिवाच्या आकांतानं आणलं होतं, पण बसवल्यानं उरलंसुरलं रक्तही पायाकडे उतरतं आणि हृदयाला टेलसारखं काही पोचत नाही. अशा माणसाला आडवं निजवा, पाय उंच ठेवा. दम लागला असेल तर पाय लांब सोडून टेकवा, पण उभं करू नका, चालवू नका.

इंजेक्शननंतर थोड्या वेळानं मावशीनं डोळे उघडले, ओटी चाचपली. “डॉक्टर, उठू का?”

“नाही मावशी. अजून पडून राहा.”